‘डेटा साफ करणे ही हमाली आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पदव्युत्तर विद्यार्थी आणि डेटा सायन्स’ या माझ्या लेखावर ‘संशोधक विद्यार्थी’ या टोपणनावाने आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा तिथल्या तिथे उत्तर लिहायला बसले होते. ते खोडून टाकले, कारण त्यात मुद्द्यांपेक्षा राग अधिक होता. दोन दिवस थांबून आता शांतपणे लिहिते आहे, तरीही कुठे शब्द तिखट झाला असेल तर त्याची सुरुवात कोणी केली हे आपणच पाहावे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, की कोणत्याही विषयातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रमाणपत्रांमागे न धावता पहिल्या सत्रापासूनच एखाद्या चालू संशोधनातला कच्चा डेटा हाताळायला घ्यावा आणि त्या कामात जिथे अडेल तिथे प्रशिक्षण घ्यावे, एवढेच माझे म्हणणे होते. त्यासाठी दोन दिवसांच्या कार्यशाळांपासून उन्हाळी प्रकल्पांपर्यंत काही संधींची ओळख मी करून दिली होती. त्यावर आपले आक्षेप असे : आयरिस फुलांच्या मापांच्या, शिकवताना नेहमी वापरल्या जाणाऱ्या डेटाबद्दल मी चुकीचे लिहिले, या संधी मोजक्यांनाच मिळतात, मार्गदर्शक त्यासाठी वेळ देत नाहीत, लेखात गणिताचा उल्लेख नाही, आणि ‘खुर्चीत बसून उपदेश करणाऱ्यांनी’ विद्यार्थ्यांना डेटा साफ करायला, म्हणजे नोंदींतल्या चुका आणि रिकाम्या जागा शोधून निस्तरायला, लावू नये.

आयरिसची दुरुस्ती मी मान्य करते. त्या फुलांची मापे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी घेतली असे मी लिहिले होते, ते चूक आहे. ती एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा केली होती आणि आर. ए. फिशर यांनी १९३६ सालच्या आपल्या निबंधात ती वापरली. मूळ लेखात मी तसा बदल केला आहे, आणि ही चूक दाखवून दिल्याबद्दल आपले मनापासून आभार मानते. मात्र तो उल्लेख ज्या कारणासाठी आला होता ते कारण या दुरुस्तीने बदलत नाही. तीन प्रजातींची प्रत्येकी ५० अशी १५० फुले, प्रत्येक फुलाची चार मापे, आणि साऱ्या तक्त्यात एकही रिकामी जागा नाही. असला स्वच्छ तक्ता घेऊन वर्गीकरण शिकलेला विद्यार्थी आपल्या प्रयोगशाळेतल्या फाईलपुढे पहिल्यांदा बसतो तेव्हा गोंधळून जातो, हे मी लिहिले होते आणि आजही तसेच म्हणते.

आता त्या वाक्याकडे येते, ज्यासाठी हे उत्तर लिहावे लागले. आपले शब्द जसेच्या तसे देते : ‘डेटा साफ करणे ही हमाली आहे, संशोधन नव्हे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला हमाली शिकवून तिला प्रशिक्षण म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.’

मतभेद मी समजू शकते, ‘फसवणूक’ हा शब्द मात्र समजू शकत नाही. फसवणुकीत फसवणाऱ्याचा काही लाभ असावा लागतो. ज्या कार्यशाळांची आणि प्रकल्पांची नावे मी दिली त्यांपैकी एकाशीही माझा पैशाचा संबंध नाही, आणि हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलेले आहे. तो परिच्छेद आपण वाचला असता तर हा शब्द आपल्या हातून उतरला नसता, असे मी धरून चालते. आणि ‘हमाली’ हा शब्द शिवीसारखा वापरण्याची सवय, संशोधन करू पाहणाऱ्या माणसाला तर अजिबातच शोभत नाही.

शब्द बाजूला ठेवून कामाकडे पाहू. तक्त्यातली एक जागा रिकामी आहे. उपकरण बंद होते म्हणून? नोंद घेणारा त्या दिवशी आलाच नाही म्हणून? ज्याला प्रश्न विचारला त्याने उत्तर द्यायचे टाळले म्हणून? की तिथे खरोखरच शून्य होते आणि ते लिहिण्याचा कोणी कंटाळा केला? या चार कारणांवर उपाय एक नाही. उत्पन्नाचा रकाना जर जास्त उत्पन्न असलेल्यांनीच रिकामा सोडला असेल, तर उरलेल्यांची सरासरी काढून ती रिकाम्या जागी भरणे म्हणजे आपल्या हाताने उत्तर खोटे करणे होय. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली एका निबंधात हाच प्रश्न सूत्रबद्ध केला, की नोंद नसण्याचे कारण केव्हा दुर्लक्षिता येते आणि केव्हा नाही. संख्याशास्त्राची एक अख्खी शाखा पुढे त्यावर उभी राहिली. आपण ज्याला हमाली म्हणता ती ही.

आपण लिहिता की आपले ‘खरे काम मॉडेलपासून सुरू होते’, म्हणजे डेटावरून शिकून अंदाज बांधणाऱ्या गणिती रचनेपासून. समजा, रिकाम्या जागा भरताना आपण साऱ्या नोंदींची सरासरी वापरली आणि त्यानंतर मॉडेलच्या परीक्षेसाठी पाचवा हिस्सा नोंदी बाजूला काढल्या. त्या बाजूला काढलेल्या नोंदींचा अंश सरासरीच्या रूपाने मॉडेलला शिकवण्यासाठी ठेवलेल्या डेटात आधीच शिरलेला असतो. मॉडेलला परीक्षेतले थोडे आधीच कळलेले असते, गुण चढे येतात, आणि निबंध लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. यालाच डेटाची गळती म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ सायश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १७ ज्ञानशाखांमधल्या प्रकाशित संशोधनात वेगवेगळ्या प्रकारची गळती आढळल्याची नोंद आहे. ही चूक मॉडेल निवडताना होत नाही, त्याच्या आधी होते, म्हणजे आपण ज्या टप्प्याला संशोधन मानायला तयार नाही त्या टप्प्यावर.

विद्यार्थ्याला या कामातून काय मिळते, असेही आपण विचारले आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० सालच्या निबंधाचा दाखला यासाठी पुरेसा आहे. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ९० टक्क्यांहून अधिक सरकारी कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ त्यात उणे ०.१ टक्का दाखवली होती, आणि सरकारांनी खर्चात कपात करावी असे म्हणणारे राजकारणी तो आकडा पुढे करत होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील पदव्युत्तर विद्यार्थी थॉमस हर्न्डन याला वर्गात एक गृहपाठ होता : प्रकाशित निबंध निवडा आणि त्यातले आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याला ते जमेनात. अखेर त्याने लेखकांकडून मूळ स्प्रेडशीट मागवले आणि त्यांनी ते दिले. सरासरीच्या सूत्रात ओळींची निवड पाच देश बाकी असतानाच थांबलेली होती. आणखी काही वर्षांच्या नोंदी गाळलेल्या होत्या आणि सरासरीत कोणत्या देशाला किती वजन द्यायचे याचे भारही शंकास्पद होते. खरे म्हणजे आकड्यांतल्या तफावतीचा मोठा भाग या दोन गोष्टींतून आला होता. आपल्या प्राध्यापकांसह त्याने २०१३ साली सारे पुन्हा मांडले तेव्हा उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. हा विद्यार्थी नवे मॉडेल घेऊन आला नव्हता. तो एकेका ओळीकडे पाहत होता, आणि ते करताना तो संशोधन करत होता की हमाली, हे आपण ठरवावे.

आणि ‘खुर्चीत बसून’ म्हणालात म्हणून, इच्छा नसतानाही, स्वतःचे सांगते. माझा प्रबंध पर्जन्यमानावर होता. काही डझन केंद्रांच्या रोजच्या पावसाच्या तीस वर्षांच्या नोंदी माझ्याकडे एकाच फाईलमध्ये आल्या, आपल्याला गाईडकडून मिळते म्हणता तशाच ‘तयार’. त्याआधी मी पदरचे पैसे भरून एका संस्थेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला होता, आणि त्यात एकदाही मला रिकामी चौकट दाखवलेली नव्हती. मी मॉडेल चालवले. जवळजवळ एक तृतीयांश केंद्रांवर सोमवारचा पाऊस इतर दिवसांहून स्पष्टपणे अधिक आणि रविवारचा कमी दिसत होता. मी आलेख काढले, पावसाला आठवड्याचे चक्र असल्याचे सांगणारे टिपण लिहिले आणि विभागातल्या चर्चासत्रासाठी नावही नोंदवले. चर्चासत्राच्या चार दिवस आधी माझ्या मार्गदर्शकांनी आलेखाकडे पाहून एवढेच विचारले, ‘‘रविवारी पर्जन्यमापक वाचायला कोण जात होते?’’

मी मूळ नोंदवह्यांच्या छायाप्रती काढून घेतल्या. रविवारच्या चौकटीत बारीक आडवी रेघ होती. टंकलेखन करणाऱ्याने त्या रेघेचे शून्य केले होते. सोमवारी सकाळी मापकात साचलेले पाणी दोन दिवसांचे होते आणि ते एका दिवसाच्या नावावर लिहिले गेले होते. चर्चासत्रातले माझे नाव मी मागे घेतले. पुढचे पाच महिने मी एकेक पान पाहत होते, कुठे रेघ आहे आणि कुठे खरेखुरे शून्य आहे हे लिहून काढत होते. पन्नासेक पानांनंतर नोंद घेणाऱ्यांची अक्षरे ओळखू येऊ लागली होती, कोण शून्याला टिंब देतो आणि कोण रेघ लांब ओढतो हे कळू लागले होते. त्यानंतर खरा प्रश्न आला : दोन्ही दिवस गाळायचे, सोमवारचा आकडा दोन दिवसांत वाटायचा, की दोन दिवसांची एकच नोंद मानायची? गाळावे तर मोठ्या पावसाचे दिवस हातचे जातात. वाटावे तर अतिवृष्टीचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. तसाच ठेवावा तर पुराचा अंदाज बांधणाऱ्याला एका दिवसाचा पाऊस आहे त्याहून मोठा दिसतो. या निर्णयावर माझे एक पूर्ण प्रकरण झाले, आणि माझ्या प्रबंधातले तेवढेच प्रकरण आजही कोणीतरी अधूनमधून मागवते. मॉडेलचे प्रकरण मागवणारा मला अजून भेटलेला नाही. तेव्हा ज्या खुर्चीचा आपण उल्लेख केलात ती मला कोणी आणून दिलेली नाही.

उरलेल्या आक्षेपांना फार जागा देण्याची गरज मला वाटत नाही. दोन दिवसांत कोणी डेटा सायंटिस्ट होत नाही, असे आपण लिहिता. मी होतो असे म्हटले कुठे होते? संशोधकांना संगणकीय कौशल्ये शिकवणाऱ्या, १९९८ साली सुरू झालेल्या सॉफ्टवेअर कार्पेन्ट्रीच्या कार्यशाळेत दोन दिवसांत कमांड लाइन (लिहिलेल्या आज्ञांनी संगणक चालवणे), पायथन किंवा आर ही प्रोग्रामिंगची भाषा आणि फाईलमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट यांची तोंडओळख होते, आपण काय बदलले याचा माग ठेवण्याची शिस्त लागते, आणि माझ्या मते सुरुवातीला तेवढे पुरते. ब्रिटनमधल्या अ‍ॅलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट या डेटा सायन्सच्या संस्थेच्या आठवडाभराच्या अभ्यासगटांत किंवा शिकागो विद्यापीठात २०१३ साली सुरू झालेल्या समाजोपयोगी डेटा सायन्सच्या उन्हाळी उपक्रमात जागा मोजक्या असतात, हे खरे आहे. सर्वांना जागा मिळत नाही म्हणून तिची माहितीच देऊ नये, हा युक्तिवाद मात्र मला समजला नाही. मार्गदर्शक वेळ देत नाहीत, ही तक्रार आपण आपल्या मार्गदर्शकांकडे करावी. माझ्याकडे करून उपयोग नाही. विद्यावेतनाविना कामाबद्दल आपण लिहिले आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहिता येईल.

गणिताबद्दल एकच सांगते. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांना पर्याय नाही, आणि ती नकोत असे वाक्य माझ्या लेखात कुठेही नाही. न लिहिलेल्या वाक्याचा प्रतिवाद करण्यात आपण दोन परिच्छेद खर्च केलेत. तो वेळ लेख पुन्हा वाचण्यात गेला असता तर बरे झाले असते.

‘मला गाईडकडून तयार फाईल मिळते’ असे आपण अभिमानाने लिहिले आहे, म्हणून माझी एक विनंती आहे. ती फाईल उघडा. जीवशास्त्रातली असेल तर जनुकांच्या रकान्यात तारखा दिसतात का ते आधी पाहा. स्प्रेडशीट मार्च१ आणि सेप्ट२ या जनुकांची नावे परस्पर तारखांत बदलत असे, आणि अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० साली असली नावेच बदलून टाकली. दुसऱ्या कोणत्या विषयातली असेल तर ज्या रकान्यात एकही जागा रिकामी नाही असा एखादा रकाना निवडा आणि मूळ नोंदी कुठे आहेत, त्यांत किती जागा रिकाम्या होत्या, त्या कोणी भरल्या, कोणत्या नियमाने भरल्या आणि तो नियम कुठे लिहून ठेवला आहे, हे आपल्या गाईडना विचारा. उत्तर मिळाले तर ते इथे अवश्य लिहा. आपली मूळ प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. आपले उत्तर आले तर तेही तिच्याच खाली प्रसिद्ध करेन.