तोतोरो मृत्यूचा देव नाही आणि मेई बुडालेली नाही

‘माय नेबर तोतोरो’बद्दलचा एक दावा रील्समधून वर्षानुवर्षं फिरतोय, आणि दर वेळी कुणीतरी नव्याने हादरतं. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा हा अॅनिमेशनपट १९८८ चा. सात्सुकी आणि तिची चार वर्षांची बहीण मेई वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. आई तिथून काही अंतरावरच्या रुग्णालयात आहे. शेजारच्या रानात मुलींना तोतोरो हा अगडबंब, केसाळ रानजीव भेटतो.

दावा असा की तोतोरो हा मृत्यूचा देव. मेई तळ्यात बुडून मरते, तिला शोधायला सात्सुकी मृत्यूच्या दारातून आत जाते आणि तीही संपते. सात्सुकीला मेईकडे नेणारी मांजरबस, म्हणजे मांजराच्या रूपातली बस, ही परलोकाची गाडी. शेवटी दोघींना सावली नाही, त्या आईच्या खोलीत जात नाहीत, कारण त्या आता या जगात नाहीतच. आणि हे सगळं म्हणे १९६३ साली जपानमधल्या सायामा इथे झालेल्या एका मुलीच्या खुनावर, ती आणि तिची बहीण यांच्या शोकांतिकेवर बेतलेलं.

हे खरं नाही. मुलांच्या सिनेमात मरण शोधायला माझी हरकत नाही, या चित्रपटात तर मरणाची भीती उघडउघड बोलून दाखवलेली आहे. पण दावा नेमका तिथेच बघत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलायला हवं.

सुरुवात चपलेपासून, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. मेई हरवते, गावकरी तळ्यात शोध घेऊ लागतात. पाण्यात सापडलेली छोटी चप्पल हातात घेऊन शेजारची आजी बुद्धाचं नाव पुटपुटत बसलेली असते. सात्सुकी जिवाच्या आकांताने धावत येते, चप्पल बघते आणि सांगते, ही मेईची नाही. रीलवाले म्हणतात, ती खोटं बोलली. खोटं बोलायचं काही कारण चित्रपटात दिसतं का? त्यानंतर ती तोतोरोकडे जाते आणि रडत विनवते की मेई हरवलीय, अंधार पडत चाललाय, ती कुठेतरी रडत असेल. बहीण बुडाली हे कळलेली मुलगी अशी मदत मागेल? थोड्याच वेळाने मेई रस्त्याकडेला बसलेली दिसते. तिच्या दोन्ही चपला पायांत आहेत.

ती जिथे बसलीय तिथे जिझोच्या मूर्ती आहेत. जिझो मेलेल्या बालकांचा सांभाळ करतो ही श्रद्धा खरीच. पण तो वाटसरूंचा आणि जिवंत मुलांचाही रक्षक आहे, आणि जपानच्या खेड्यांत वाटेवर, फाट्यावर त्याच्या मूर्ती असतातच. याच चित्रपटात आधी एकदा दोघी बहिणी पावसात अडकतात, तेव्हा सात्सुकी जिझोला हात जोडून त्याच्या देवळीत आडोसा घेते. तिथून जाणारा शेजारचा कान्ता आपली छत्री तिच्या हातात कोंबतो आणि स्वतः भिजत पळतो. त्या प्रसंगात कुणालाच मरण दिसलेलं नाही. वाट चुकलेली पोर जिझोपाशी टेकली, यात वेगळं काय आहे?

सावलीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ही अफवा फारच पसरल्यावर चित्रपट बनवणाऱ्या स्टुडिओ घिबलीने २००७ च्या मे महिन्यात जाहीरपणे सांगितलं की तोतोरो मृत्यूचा देव आहे किंवा मेई मेलेली आहे असं चित्रपटात काहीही नाही, आणि शेवटच्या दृश्यांत सावल्या काढायची गरज वाटली नाही म्हणून त्या काढल्या नाहीत. एकेक चित्र हाताने काढायचं म्हटलं की असे निर्णय रोज घ्यावे लागतात.

मांजरबसच्या पाटीवर एका क्षणी थडग्यांच्या वाटेचं नाव येतं, हे मात्र खरं आहे. पण पाटीवर इतर थांब्यांची नावंही भराभर फिरतात, आणि ती थांबते ‘मेई’ या नावावर. बस जाते तीही मेईकडेच. वाटेतला एक थांबा उचलायचा आणि जिथे गाडी प्रत्यक्ष पोचली ते सोडून द्यायचं, हा पुरावा नव्हे.

‘मरणाच्या जवळ असलेल्यांनाच तोतोरो दिसतो’ या मुद्द्याला उत्तर आजीकडे आहे. नव्या घरात मुलींना काजळीचे इवलेसे काळे गोळे पळताना दिसतात, तेव्हा आजी हसून सांगते की लहानपणी तिलाही ते दिसायचे. ती म्हातारी होईपर्यंत जगली, शेतात राबली, आता या पोरींना ताजी काकडी खाऊ घालतेय. वडीलही मुलींना वेड्यात काढत नाहीत. मेईने तोतोरो पाहिल्याचं सांगितल्यावर ते दोघींना कापराच्या अवाढव्य झाडापाशी नेतात आणि झाडाला वाकून नमस्कार करतात. रानात, जुन्या झाडात दैवी अस्तित्व मानणाऱ्या गावाची ही गोष्ट आहे. तोतोरोची जागा तिथे आहे.

मला सर्वात जास्त बोलायचंय ते सात्सुकीबद्दल. आई घरी नाही म्हणून ही शाळकरी मुलगी सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते आणि कुरकुर करत नाही. रुग्णालयात आई तिचे केस विंचरते तेवढा वेळच ती लेक असते, एरवी घरातली मोठी बाई. मग तार येते. आईला सर्दी झाली, घरी येणं लांबलं. मेई भोकाड पसरते, सात्सुकी तिच्यावर ओरडते. संध्याकाळी आजी धुणं आवरत समजूत घालते की नुसती सर्दी आहे, आणि सात्सुकी म्हणते, मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं, थोडे दिवस रुग्णालयात राहायचंय म्हणून. आई मेली तर काय करायचं? आणि ती तोंड वर करून हमसून रडते.

मेई हे बघत उभी असते. ताई कधी अशी रडलेली नाही. आईसाठी जपून ठेवलेलं मक्याचं कणीस छातीशी धरून ती एकटी रुग्णालयाकडे निघते, कारण ते खाल्लं की आई बरी होईल असं तिच्या मनाने घेतलंय. चार वर्षांच्या मुलाला भीतीवर जे करता येतं ते ती करते. या दोन दृश्यांत चित्रपटाचं सगळं मानसशास्त्र आहे. दाव्यात सात्सुकीच्या रडण्याचा उल्लेखही नसतो.

मग शेवटी त्या आईला भेटत का नाहीत? त्या झाडावर बसून खिडकीतून बघतात. आई वडिलांशी हसत बोलतेय, नुसत्या सर्दीसाठी तार गेली म्हणून दिलगिरी व्यक्त करतेय. ज्या प्रश्नाने सात्सुकी कोसळली होती त्याचं उत्तर तिला मिळालं. खिडकीत कणीस ठेवून त्या निघतात. त्यावर ‘आईला’ असं कोरलेलं असतं, आणि वडील ते हातात घेतात. भुतांनी ठेवलेलं कणीस वडिलांच्या हाती लागलं, असं मानायचं का? पुढे मुली परततात, आजी मेईला मिठी मारते. श्रेयनामावलीत आई टॅक्सीतून घरी येते, मुलींना गोष्टी वाचून दाखवते, मेई स्वतःहून लहान मुलांबरोबर खेळते, बर्फ पडतो. ही जुन्या दिवसांची चित्रं म्हणावीत, तर या घरात मुली आल्या तेव्हा आई रुग्णालयातच होती.

मुलींना खरंच तोतोरो भेटला की त्यांनी कल्पना केली? एका रात्री तो त्यांच्याबरोबर बी पेरलेल्या वाफ्याभोवती नाचतो आणि आभाळाएवढं झाड उगवतं. सकाळी झाड नसतं, पण वाफ्यात कोंब फुटलेले असतात. मुली ओरडत सुटतात, स्वप्न होतं, पण स्वप्न नव्हतं! ब्रिटिश बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी मुलाच्या लाडक्या गोधडीबद्दल, बाहुल्याबद्दल हेच सांगितलं होतं: हे तू मनाने रचलंस की बाहेरून मिळालं, असं मुलाला विचारायचं नसतं. त्या मधल्या जागेत मूल आईचं दूर असणं सोसायला शिकतं. मृत्यूच्या देवाचा सिद्धान्त ही जागाच बुजवतो.

आणखी एक. ‘तोतोरो’ पहिल्यांदा दाखवला गेला तो इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’बरोबर, एकाच तिकिटात. त्या चित्रपटात मेलेला मुलगा सुरुवातीलाच आपण कधी मेलो ते सांगतो. मेलेली मुलं दाखवायची असतील तर घिबलीने ती सरळ दाखवली. ‘तोतोरो’त लपवाछपवी का केली असती?

राहिला सायामाचा खून. सात्सुकी आणि मेई ही दोन्ही नावं मे महिन्याची, गुन्हाही मे महिन्यातला, एवढ्यावर जोड लावली जाते. पण मियाझाकींच्या मूळ कल्पनेत मुलगी एकच होती, पुढे तिच्या दोघी झाल्या. पोस्टरवर आजही तोतोरोशेजारी एकच मुलगी उभी आहे, दोघींचं मिश्रण असलेली. दोन बहिणींच्या शोकांतिकेवरून सुचलेली गोष्ट एका मुलीपासून सुरू झाली असती का? सायामा टेकड्यांचा परिसर चित्रपटात आहे तो मियाझाकी स्वतः जवळच तोकोरोझावाला राहतात म्हणून. आजारी आईही त्यांच्या घरातली. ते लहान असताना त्यांच्या आईला मणक्याचा क्षय होता आणि ती काही वर्षं अंथरुणाला खिळून होती.

खुनाची खरी हकीकत वेगळीच आहे. बळी पडलेली मुलगी सोळा वर्षांची, शाळेतून घरी निघालेली. पकडला गेला काझुओ इशिकावा, २४ वर्षांचा, पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यता भोगलेल्या बुराकू समाजातला. कबुलीजबाब आपल्याकडून वदवून घेतला, असं तो सांगत राहिला. आधी फाशी, १९७४ साली ती बदलून जन्मठेप, १९९४ साली पॅरोल. फेरखटल्याची मागणी करत करत तो मार्च २०२५ मध्ये वारला. सायामाचं नाव घेणाऱ्या रील्समध्ये हा माणूस नसतो. त्या मुलीचं कुटुंबही नसतं, फक्त ‘डार्क सत्य’ असतं.