घागर कोणी आणली?

आज नववीतल्या एका मुलीची सरावाची उत्तरपत्रिका बघितली आणि डोकंच फिरलं. न शिकवलेली कविता, रसग्रहण करा. सरावासाठी मुद्दाम रचलेल्या त्या कवितेच्या पहिल्या दोन ओळी:

आई विहिरीवर गेली
घागर परत आली

उत्तर काय? 'प्रस्तुत कवितेत कवीने आईच्या कष्टांचे हृदयस्पर्शी वर्णन केले आहे. गेली-आली असे सुंदर यमक साधले आहे. कवितेची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे.' आणि बाजूला समासात, पेन्सिलीने लिहून खोडरबरने पुसलेलं, पण उजेडात धरलं की दिसतं: 'घागर कोणी आणली?'

अहो, तेच तर उत्तर होतं! पुसलं पोरीनं.

पुसलं, कारण क्लासच्या झेरॉक्समध्ये असल्या प्रश्नाला जागा नाही. आमच्या नाशकात कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत कुठलंही दप्तर उघडा, तो कागद निघतोच. कवीच्या नावापुरती जागा कोरी, बाकी मजकूर तयार. पावसाला चालतो, आईला चालतो, शेतकऱ्यालाही चालतो. आणि आपण कोण, तर कुसुमाग्रजांच्या गावचे! 27 फेब्रुवारीला पोरांना फेटे बांधून दिंडी काढायची आणि मार्चमध्ये हे लिहायला लावायचं.

बोर्डाने दिलेले आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे वाईट नाहीत. घोळ होतो तो मुलं तिन्ही वेगवेगळे भरतात म्हणून. यमक एकीकडे, अर्थ भलतीकडे. आता हेच बघा: गेली-आली या यमकामुळे कानाला वाटतं, गेलेलं माणूस परत आलं. कर्ता बघावा तर आई नाही, घागर आली. कान फसतो आणि पोटात खड्डा पडतो. एवढं लिहिलं की तिन्ही मुद्दे एकदम आले. एखादा हुशार 'चेतनगुणोक्ती', म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते तो अलंकार, एवढं लिहून मोकळा होतो. घागरीला पाय फुटलेत, खरंय, पण का फुटलेत? आणणाऱ्याचं नाव घेणं टाळलंय म्हणून. अलंकार ओळखला की अर्धंच काम झालं. 'त्यामुळे' लिहून पुढचं वाक्य पूर्ण करायला लावा.

शिकवायला फार लागत नाही. कविता तीनदा वाचायची. पहिल्यांदा पेन खाली ठेवून. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदं आणि त्यांचे कर्ते अधोरेखित करायचे, विशेषणं नंतर. तिसऱ्यांदा वळण शोधायचं: 'पण', 'तरी', 'आता', बदललेला काळ, मध्येच आखूड झालेली ओळ. मग शीर्षक पुन्हा वाचायचं. वीस मिनिटं असतील तर सात वाचनाला, तीन टिपणाला, दहा लिहायला. अख्खं कडवं उतरवायचं नाही. दोन-तीन शब्द अवतरणात घ्यायचे आणि त्यांच्यावरच बोलायचं. आणि ते 'कवी म्हणतो' आधी थांबवा. इथे बोलतंय ते बहुधा दारात वाट बघणारं लेकरू आहे, कवी नव्हे. कवितेचं सरळ गद्य करून ठेवणं हाही तसलाच रोग. सगळ्या ओळींचा अर्थ सांगून होतो आणि ती ओळ अशीच का लिहिली, हे राहूनच जातं.

मान्य, कोऱ्या पानापेक्षा पाठ केलेल्या चार ओळी बऱ्या. तपासणाऱ्यालाही गठ्ठा संपवायचा असतो.

त्या पोरीवर राग नाही हो. उलट वाईट वाटतंय. तिला कळलं होतं. विहिरीवर काहीतरी झालंय, हे तिनं दुसऱ्या ओळीतच हेरलं, आणि मग असलं परीक्षेत लिहीत नाहीत असं वाटून खोडरबर उचललं. 'मला वाटतं' लिहिलं तर गुण जातात, ही भीती तिला कोणीतरी घातलीय. आपणच.

घरात नववी-दहावीचं कोणी असेल तर आज एवढं करा. तो झेरॉक्स कागद राहू द्या, पैसे मोजलेत त्याचे. त्यातला 'ओघवती' तेवढा काळ्या पेनाने खोडा.