म्हणे जपानने बेसबॉलवर बंदी घातली होती!

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरत येतो. शत्रूचा खेळ म्हणून जपानने बेसबॉलवर सरसकट बंदी घातली, मैदानात इंग्रजी शब्द काढला तर थेट तुरुंग, आणि 1945 नंतर अमेरिकेने हा खेळ तिथे नव्याने रुजवला. ऐकायला झकास आहे. खरं मात्र फारच थोडं.

आधी बंदीचं बघू. 24 मे 1942. टोकियोवर पहिले अमेरिकन बॉम्ब पडून जेमतेम पाच आठवडे झालेत. त्याच टोकियोत, कोराकुएन स्टेडियमवर, नागोया आणि ताइयो या व्यावसायिक संघांचा सामना चालू आहे. तोही त्या दिवसातला तिसरा. नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या डावात ताइयो 4-2 असा पुढे, नागोयाचे तीनपैकी दोन गडी बाद. तेवढ्यात नागोयाचा फुरुकावा सेइझो दोन धावांचा होमरन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार) ठोकतो. 4-4. तिथून पुढे एकोणीस डाव कुणालाच एक धाव निघेना. अखेर दिवस कलला म्हणून 28व्या डावानंतर सामना बरोबरीत सोडला.

आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे? दोन्हीकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. नागोयाच्या निशिझावा मिचिओने 311 चेंडू टाकले, ताइयोच्या नोगुची जिरोने 344. क्रिकेटच्या हिशेबात नोगुचीची एकट्याची 57 षटकं आणि वर दोन चेंडू, तेही आदल्या दिवशी अख्खा सामना टाकून आल्यावर! हे सगळं आटोपलं 3 तास 47 मिनिटांत.

बंदी असलेला खेळ राजधानीत भरदिवसा असा रंगत नसतो. त्या हंगामात प्रत्येक संघ 105 सामने खेळला. 1944 मध्ये सहाच संघ उरले, सामने प्रत्येकी 35, कारण खेळाडू एकामागून एक सैन्यात ओढले जात होते. वर्षाअखेरीला लीग थांबली. तोफखान्यासारखा चेंडू टाकणारा सावामुरा एइजी त्याच डिसेंबरमध्ये जहाज बुडून गेला. नागोयाचा पिचर इशिमारू शिनइची मे 1945 मध्ये कामिकाझे, म्हणजे आत्मघातकी वैमानिक म्हणून.

बंदीची कथा उगवली असावी ती विद्यार्थ्यांच्या बेसबॉलवरून. टोकियोतली सहा विद्यापीठांची लीग 1943 मध्ये शिक्षण खात्याने खरोखरच मोडीत काढली. तेवढं मान्य. पण त्यावरून व्यावसायिक लीगही बंद पाडली, असं म्हणता येत नाही.

इंग्रजीबद्दल तर उलटच घडलं. इंग्रजी बोलल्यास कैद, असा कायदाच नव्हता. वातावरण तापलं होतं हे खरं, पण लीगवाले स्वतःच पुढे होऊन वाकले. संघांची इंग्रजी नावं 1940 मध्येच गेली, पंचांचे ‘स्ट्राइक’ आणि ‘बॉल’ हे पुकारे 1943 मध्ये. रशियात जन्मलेला पिचर व्हिक्टर स्टारफिन तोवर सुदा हिरोशी झाला होता. ‘सरकारने गळा दाबला’ ही कथा लीगच्याच सोयीची आहे; राज्यकर्त्यांची मर्जी राखत दुकान चालू ठेवलं, हे सांगायला जरा अवघड जातं.

राहिला अमेरिकेचा उपकार. बेसबॉल जपानमध्ये 1872 च्या सुमारास एका अमेरिकन शिक्षकाने नेला, हे बरोबर. पण व्यावसायिक लीग 1936 पासून जपान्यांनीच चालवली. शरणागतीनंतर अवघ्या तीनेक महिन्यांत, 23 नोव्हेंबर 1945 ला, टोकियोच्या जिंगू स्टेडियमवर पूर्व विरुद्ध पश्चिम असा सामना झाला. मैदान अमेरिकन सैन्याच्या ताब्यात असल्याने त्यांची परवानगी लागली, आणि पुढे त्यांनी खेळाला उत्तेजनही दिलं. मात्र मैदानात उतरले ते जुन्याच लीगचे वाचलेले गडी. 311 चेंडू टाकणारा निशिझावाही परतला, पुढे फलंदाज झाला आणि 1950 च्या हंगामात त्याने 46 होमरन मारले.