लंगोट की डायपर? नव्या आईबापांसाठी फुकटचे सल्ले

घरात बाळ आलंय? अभिनंदन! आता लंगोट की डायपर ते ठरवायचंय. म्हणजे ठरवणार बाकीचे, तुम्ही फक्त मान डोलवायची.

सासूबाईंसमोर डायपरचं पाकीट फोडू नका. "आम्ही जुन्या धोतरांचे लंगोट केले, काही अडलं नाही कुणाचं." त्या धोतराच्या मालकाने त्यातला एक तरी लंगोट धुतला होता का, हे चुकूनही विचारू नका.

लंगोटच वापरायचे तर बाळ जुलैत होऊ द्या. तुळशीबागेतून दोन डझन आणा, दिवसाला पंधरा-वीस लागतील. ते हॉलमध्ये पंख्याखाली दोरीवर टांगा, उरलेली ओल इस्त्रीने काढा. पाहुण्यांना वाटेल तोरण बांधलंय. गुरुवारी नळाला पाणी नसलं की काय करायचं, ते पुणेकरांना मी काय सांगणार!

लंगोट मऊ नि सुगंधी हवेत? भरपूर कंडिशनर ओता. मग ते थेंबभरही शोषून घेणार नाहीत.

पर्यावरणावर भाषण देणाऱ्या मैत्रिणीचं मन लावून ऐका. ब्रिटनमध्ये २००८ साली याचा रीतसर हिशेब झाला होता: दोरीवर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावलं, दुसऱ्या बाळालाही तेच वापरले तर लंगोट सरस. ड्रायरमध्ये फिरवले की ती बचत गेली. तिच्या घरी ड्रायर आहे. तुम्ही गप्प बसा.

(आम्ही दिवसा लंगोट, रात्री डायपर. दोन्ही पक्षांच्या शिव्या मिळतात.)

आता महत्त्वाचं: वापरलेला डायपर. तो उघडाच टाकावा, आणि ओल्या कचऱ्यात टाकावा. ओला असतो ना! काल सकाळी आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्याची बादली उपडी झाली. मेथीची देठं, शिळी आमटी आणि मधोमध टम्म फुगलेला डायपर. कचरा नेणाऱ्या ताईंनी तो हाताने उचलला, तर मध्येच फाटला. मूत पिऊन फुगलेला तो लिबलिबीत गर त्यांच्या बोटांना चिकटला, नखांत गेला. त्या मला म्हणाल्या, "तुमचा नाही हा. तुमचा कागदात असतो." मला क्षणभर चक्क बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. हात धुवायला पाणी दिलं, तर म्हणाल्या, "अजून सहा मजले आहेत, शेवटी धुते."

'स्वच्छ'च्या, म्हणजे पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या, बायका किती वर्षं सांगतायत, कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला न उघडता कळेल. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर गुंडाळूनच द्यायचा असं लिहिलं होतं, आणि त्यासाठी पिशवी कंपनीने द्यायची होती. पिशवी नसेल तर साधा कागद चालतो. पण नाही! आमच्या बाळाचं शी-शू आम्हाला नाकाला रुमाल लावून काढायचं, आणि दुसरीने मात्र रोज उघड्या हातांनी चिवडायचं.

उपरोध गेला खड्ड्यात. तिसऱ्या मजल्यावरचे, लाज वाटू द्या. सोसायटीच्या ग्रुपवर 'लंगोट हीच आपली संस्कृती' म्हणून चार परिच्छेद तुम्हीच लिहिले होते ना? मग हा डायपर कुणाचा? वापरा हो, खुशाल वापरा, त्याबद्दल कोण बोलतंय! रोज दारात पेपर पडतो, त्यातलं एक पान फाडायला दहा सेकंद लागतात. लाल पेन नसेल तर आमच्याकडून न्या. पहिला मजला, डावीकडचं दार. बेल वाजवू नका, आत्ताच झोपलीये.