आडनाव म्हणजे सातबारा नव्हे

'अस्सल मराठी आडनावं' अशा मथळ्याची यादी पुन्हा एकदा समाजमाध्यमांवर फिरते आहे. यादीत असाल तर घरचे, नसाल तर बाहेरचे. कानडे, तेलंग, गुजर, द्रविड अशा मंडळींना तर खाली थेट सवाल: 'आधी मूळ सांगा.' त्याला वैतागून दुसरी बाजू म्हणते, आडनावंच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. भांडण जोरात चाललंय, पण दोन्ही बाजूंची समजूत एकच: आडनावात माणसाचं मूळ सातबाऱ्यासारखं नोंदवलेलं असतं.

मला याचा मनापासून राग येतो. मी पश्चिम हंगेरीत राहतो. इथल्या वॉश जिल्ह्यात इमारतींच्या कापुतेलेफोनवर, म्हणजे दारावरच्या इंटरकॉमवर, ज्या आडनावाची रांग लागलेली असते, त्याचा सरळ अर्थ 'क्रोएशियाचा माणूस' असा आहे. आणि तरीही त्याच्याइतकं हंगेरियन आडनाव शोधून सापडणार नाही.

ते आडनाव Horváth, देवनागरीत लिहायचं तर होर्वात. शेवटी 'टीएच' लिहितात म्हणून आपली माणसं 'होर्वाथ' म्हणतात, पण उच्चार 'त'च. तो 'एच' जुन्या लेखनपद्धतीचा अवशेष आहे. तोत आणि नेमेत या आडनावांतही तो तसाच उरला आहे. 'एच' आहे म्हणजे घराणं उमरावांचं, असा समज इथेही पुष्कळांचा आहे आणि तो निराधार आहे. १८६७ साली हंगेरीचा न्यायमंत्री झालेला बोल्दिझार होर्वात जन्मला याच वॉश जिल्ह्यातल्या सोम्बॉतहेयमध्ये, आणि तो 'एच'शिवायच लिहीत असे.

हंगेरीतली सर्वांत जास्त आढळणारी पाच आडनावं म्हणजे नॉज, कोवाच, तोत, सॉबो आणि होर्वात. म्हणजे मोठा, लोहार, स्लाव, शिंपी आणि क्रोएशियन. थोडं पुढे नेमेत येतं, त्याचा अर्थ जर्मन. पहिल्या दहा आडनावांतली तीन परक्यांना दिलेली नावं आहेत. 'अस्सल हंगेरियन आडनावं' अशी यादी करायला कुणी बसला तर त्याची पंचाईत तिथेच सुरू होते.

क्रोएशियन माणूस स्वतःला 'ह्र्वात' म्हणतो. शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर हंगेरियन जिभेला जुन्या काळी पेलत नसे, म्हणून मध्ये 'ओ' घुसला. आपल्याकडे स्कूलचं इस्कूल झालं, तशातलाच प्रकार. गंमत म्हणजे खुद्द क्रोएशियातही सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव 'होर्वात' आहे, 'ह्र्वात' नाही. देशभर सगळेच क्रोएशियन असताना 'क्रोएशियन' हे आडनाव कुणाला आणि कशासाठी पडावं? उत्तर नकाशात आहे. मध्ययुगात झाग्रेबच्या आसपासच्या मुलखाला स्लाव्होनिया म्हणत, क्रोएशिया त्याच्या दक्षिणेला होता. १४९३ साली क्रबाव्हाच्या मैदानात तुर्कांनी क्रोएशियन सरदारांची फौज कापून काढली आणि दक्षिणेकडची माणसं उत्तरेला सरकू लागली. उत्तरेतल्या गावकऱ्यांच्या लेखी हे नवे आलेले 'होर्वात' झाले.

पुढची पायरी पश्चिम हंगेरीची. १५२६ला तुर्कांशी झालेल्या मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला. १५३२ साली तुर्की सुलतान सुलेमानच्या फौजेने कोसेगला वेढा घातला आणि भोवतालची गावं उजाड झाली. बॉत्यानी, नादॉश्दी, एर्दोदी या जमीनदार घराण्यांकडे जमीन होती, कसायला माणसं नव्हती. त्यांनी दक्षिणेतून क्रोएशियन शेतकरी आणून वसवले. होर्वातझिदान, सेंतपेतेरफॉ, नॉर्दॉ ही त्यातली गावं आजही क्रोएशियन बोलतात. पण अशा सबंध क्रोएशियन गावात होर्वात म्हणून हाक मारून उपयोग काय? तिथे माणूस ओळखायला 'इच'ने संपणारी आडनावं कामी येतात. होर्वात हे नाव पडलं ते एकट्यादुकट्याला, जो हंगेरियन गावात येऊन राहिला त्याला.

यादीवाल्यांना नेमकं हेच कळत नाही. आडनाव ठेवतो तो शेजारी, किंवा पाद्री, किंवा जमीनदाराचा कारकून. तो आपल्याला जे वेगळं दिसलं ते लिहितो. सातारकर हे नाव साताऱ्यात कुणाला पडत नाही, सातारा सोडल्यावर पडतं. हंगेरियनमध्ये सेगेदी, बुदॉई ही नावंही सेगेद किंवा बुदा सोडून गेलेल्यांचीच. होर्वात म्हटला जाणारा माणूस झाग्रेबकडचा स्लाव्होनियन असेल, क्रोएशियन बोलणारा असेल, किंवा तिकडच्या फौजेत चार वर्षं काढून परत आलेला पक्का हंगेरियनही असेल. एका शब्दावरून यातलं काहीही ठरवता येत नाही.

मग हे नाव पसरलं कसं? पहिली गोष्ट म्हणजे ते एका घराण्यातून फुटलेलंच नाही. शेकडो गावांत, शंभर-दीडशे वर्षांच्या अंतराने, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या माणसांना ते स्वतंत्रपणे पडलं. त्यामुळे 'होर्वात घराण्याचं मानचिन्ह' म्हणून जे विकलं जातं त्यावर पैसे घालवू नयेत. उमराव होर्वात होते, पण ते ओळखले जात आडनावापुढच्या गावाच्या नावाने: सेंतज्योर्जी होर्वात वेगळे, झॉलॉबेरी होर्वात वेगळे. तो उपसर्ग कागदावर सापडला नाही तर उमराव असल्याचा दावा सोडून द्यावा.

ब्रातिस्लाव्हाच्या आसपासही १६व्या शतकात क्रोएशियन वसाहती झाल्या, खोर्वात्स्की ग्रोब हे गाव नावातच ते सांगतं. आज स्लोव्हाकियातही होर्वात हे आडनाव अगदी वरच्या क्रमांकावर आहे, बाईचं असेल तर होर्वातोव्हा. स्लोव्हेनियात नोव्हाकनंतर होर्वातच, आणि त्यांची दाटी हंगेरीच्या राज्यात १९१९पर्यंत असलेल्या प्रेकमुर्येत. हंगेरीच्या सीमा कापणाऱ्या १९२०च्या त्रिॲनोन तहाने आणि १९२१मध्ये बुर्गनलांड ऑस्ट्रियाला गेल्याने एकाच टापूतले होर्वात निरनिराळ्या देशांचे नागरिक झाले, त्यातल्या पुष्कळांनी घराचा उंबराही ओलांडला नव्हता.

आणि एक उदाहरण यादीवाल्यांसाठी मुद्दाम. १७५१ साली हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या चाकरीतला एक अधिकारी आपली माणसं घेऊन रशियात गेला आणि आजच्या युक्रेनमध्ये 'नवा सर्बिया' नावाची लष्करी वसाहत त्याने उभी केली. त्याचं नाव योव्हान होर्वात. माणूस सर्ब, धर्म ऑर्थोडॉक्स, आडनाव 'क्रोएशियन'. त्याचाच वंशज जनरल द्मित्री होर्वात पुढे हार्बिनमध्ये बसून रशियाची मांचुरियातली रेल्वे चालवत होता. आता सांगा मूळ.

हंगेरीनेही कमी उद्योग केलेले नाहीत, ते लपवायचं कारण नाही. १८८१ साली आडनाव हंगेरियन करून घेण्याचं मुद्रांकशुल्क ५ फोरिंतांवरून ५० क्राइत्सारवर, म्हणजे अर्ध्या फोरिंतावर आणलं. त्याच वर्षी शिमोन तेल्केशच्या पुढाकाराने आडनावांच्या मॉजरीकरणासाठी, म्हणजे ती हंगेरियन करण्यासाठी, संस्था निघाली. १८९८ साली तर नाव कसं निवडावं याची पुस्तिकाच निघाली आणि सरकारी नोकरांवर दबाव आला. जर्मन आणि स्लाव आडनावं धडाधड बदलली, पुष्कळांनी पहिलं अक्षर तेवढं राखलं. पण होर्वात, तोत, नेमेत यांना सहसा कुणी हात लावला नाही. अर्थाने क्रोएशियन, स्लाव आणि जर्मन असलेली ही नावं 'हंगेरियन' ठरली, कारण ती हंगेरियन तोंडातून आलेली होती. कोवाच हा शब्द तर मुळात स्लाव भाषेतला, तरी तोही चालला. अस्सलपणाची व्याख्या करणाऱ्यांना ती अशी मध्येच वाकवावी लागते.

ज्यांना खरोखर मूळ शोधायचं आहे त्यांच्यासाठी इथे साधनं आहेत, आणि ती वापरायची रीत यादी करण्याइतकी सोपी नाही. आधी गाव पक्कं करायचं, आडनाव नंतर. एकाच गावाला हंगेरियन, जर्मन, क्रोएशियन अशी तीन नावं असतात: ऑस्ट्रियातलं ओबरवार्त म्हणजे हंगेरियन फेल्शोर, क्रोएशियन बोर्ता. अमेरिकेला गेलेल्या बोटींच्या प्रवासी-याद्यांत तर कित्येकदा खेड्याऐवजी जवळच्या शहराचं किंवा जिल्ह्याचंच नाव असतं. गाव मिळालं की सरकारी नोंदवह्या, ज्या १ ऑक्टोबर १८९५पासून सुरू होतात. त्यामागे जायचं तर चर्चच्या वह्या. मूळ वही जळाली असेल तर हताश होऊ नये: १८२७च्या कायद्याने प्रत्येक पाद्र्याला दुसरी प्रत जिल्ह्याकडे द्यावी लागे.

जुनी वही लॅटिनमध्ये असते. स्तेफानुस म्हणजे इश्तवान, गेओर्गियुस म्हणजे ज्योर्ज, लादिस्लाउस म्हणजे लास्लो. आडनाव होर्वात, होर्वाट, खोर्वात, क्रोबोट, क्रोआता, काहीही असू शकतं. पाद्री जर्मन असेल तर जर्मन रूप, स्लोव्हाक असेल तर स्लोव्हाक. ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, कुटुंब असेल तर १७८१च्या सहिष्णुता-फर्मानाआधीच्या नोंदी बऱ्याचदा कॅथलिक वहीतच शोधाव्या लागतात.

खरी अडचण पुढे येते. एका गावात दहा होर्वात घरं, आणि प्रत्येक घरात इश्तवान, यानोश, योझेफ. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत होती, म्हणून बाप्तिस्म्याची एक नोंद सापडली की लगेच हुरळून जाऊ नये, दफनाच्या वहीत तेच नाव आहे का ते आधी पाहावं. मग दोन गोष्टी धरून चालायचं: आईचं माहेरचं आडनाव आणि धर्ममातापिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे. एकाच जोडप्याच्या सगळ्या मुलांना बहुधा तेच धर्ममातापिता असतात, ते बदलले की आपण दुसऱ्या होर्वातांच्या घरात शिरलो आहोत अशी शंका घ्यावी. गावकरी स्वतः ही घरं टोपणनावांनी ओळखत आणि पाद्री कधीकधी 'आलियास' (ऊर्फ) लिहून ते टोपणनाव टिपून ठेवी. ते सापडलं तर सोनं, कारण होर्वात हे आडनाव चिकटण्याआधीचं नावही कधीकधी तिथेच मिळतं. १८१४मध्ये परवानगीशिवाय नाव बदलायला बंदी आली, त्याआधी आडनाव एका पिढीत बदलणं अगदी शक्य होतं. १७१५, १७२० आणि १८२८च्या करगणनेत घरप्रमुखांची नावं गाववार आहेत. वहीत अडलं की तिथे पडताळावं.

बायकांचं नाव शोधणं आणखी कठीण. होर्वात इश्तवानने, म्हणजे होर्वात इश्तवानची बायको. तिचं स्वतःचं एक अक्षर त्यात नाही. जुन्या इमारतींच्या पाट्यांवर आजही अशी नावं दिसतात. पण इथल्या प्रत्येक अर्जावर 'आन्या नेव्हे' हा रकाना असतो, आईचं जन्मनाव. बँक असो, दवाखाना असो की कोर्मान्यॉब्लॉक हे सरकारी सेवा केंद्र, जात कुणी विचारत नाही, आई विचारतात. मला ही पद्धत आपल्याहून उजवी वाटते, आणि ते म्हणायला मला संकोच नाही.

'परदेशात बसून शहाणपणा शिकवू नका' हे उत्तर येणार, ठाऊक आहे. म्हणून इथलं काळंबेरंही सांगतो. बुर्गनलांडच्या रोमा (जिप्सी) लोकांत होर्वात, शारकोझी, पापाई ही आडनावं घरोघरी आहेत. त्यांची भाषा भारतातून हजारएक वर्षांपूर्वी निघालेली. नाक, कान, पाणी हे शब्द आपल्याला ऐकताक्षणी कळावेत इतके जवळचे. शतकानुशतकं इथे राहून, इथली आडनावं लावून, इथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा होऊनही ४ फेब्रुवारी १९९५च्या रात्री ओबरवार्तच्या रोमा वस्तीजवळ एक फलक लावलेला सापडला: 'रोमा, भारतात परत जा.' चौघांनी तो काढायला हात लावला आणि त्यातला बॉम्ब फुटला. चौघेही गेले. त्यातले दोघे होर्वात होते.

हे लिहिताना माझा हात थांबतो. ज्या देशात परत जा म्हणून त्यांना मारलं, त्या देशाचं पारपत्र माझ्या खणात आहे, त्यांच्याकडे ते कधीच नव्हतं. इथे माझ्या आडनावावरून कुणाला जिल्हा कळत नाही, जात कळत नाही, पोटजात तर दूरच. सुरुवातीला त्याने मोकळं वाटलं. आता वाटतं, कुणीतरी आडनाव ऐकून 'तुम्ही अमक्या गावचे का?' असं विचारावं. ती यादी आली तेव्हा मीही आधी माझं आडनाव त्यात आहे का ते पाहिलं, आणि ते सापडल्यावर बरंही वाटलं. १५६०च्या सुमाराला मी इथे आलो असतो तर कारकुनाने मला 'इंदिऑई' लिहून टाकलं असतं आणि तिसऱ्या पिढीत ते नाव पक्कं हंगेरियन झालं असतं. त्या नातवंडाला कुणी मूळ विचारलेलं मला आवडलं नसतं.

यादी करणाऱ्यांना कामच हवं असेल तर आपल्याकडे साधनं कमी नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आहेत, पुण्याला पेशवे दप्तर आहे. मोडी शिकायला लागेल. एक घराणं घ्या, नामावळीत मागे जात राहा, राहण्याचं गाव आणि आडनाव दोन्ही शेजारी शेजारी टिपा, आणि आजचं आडनाव कोणत्या पिढीत पहिल्यांदा येतं ते बघा. त्याच्या आधीच्या पिढीला कोणत्या रकान्यात घालायचं, ते ठरवून मग यादी पुढे पाठवा.