आडनावावरून कुळी

‘आमचं आडनाव मूळ राजस्थानातलं, राजघराण्यातलं’ हा वाद गावाकडच्या ग्रुपवर पुन्हा पेटलाय. पुरावा काय, तर दोन आडनावं कानाला सारखी लागतात! जर्मनीत बसून हे वाचताना जर्मन तत्त्वज्ञ नित्शे आठवतो. आपले पूर्वज पोलिश सरदार होते, असं तो छातीठोकपणे सांगायचा. पुढे वंशावळ तपासली तर सगळी जर्मन नावं निघाली.

त्याच्या आडनावाचं रूप स्लाव्ह, म्हणजे पोलिशसारख्या भाषांच्या वळणाचं, हे खरं. निकोलाउस या नावाचं ते लाडकं रूप. पण पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीकडे जर्मन आणि स्लाव्ह शतकानुशतकं शेजारी राहिले, नावं इकडची तिकडे गेली. नावावरून रक्त कसं ठरवणार?

शोधायचंच तर आधी आडनावाची सगळी स्पेलिंगं एकत्र करावी लागतात. तत्त्वज्ञाचं, एक जादा स्वर असलेलं स्पेलिंग (Nietzsche) दुर्मीळ. त्या स्वराविना लिहिलेलं (Nitzsche) सॅक्सनीत भरपूर. मग नकाशा. जर्मन आडनावांचा अ‍ॅटलास 2005 च्या लँडलाइन नोंदींवर बेतलाय. आकडे लोकसंख्येच्या प्रमाणात घ्यायचे, नाहीतर प्रत्येक आडनाव बर्लिन-हॅम्बुर्गचंच दिसतं. शिवाय 1945 नंतर सायलेशियातून (आता बहुतांश पोलंडमध्ये) हाकललेली जर्मन कुटुंबं पश्चिमेला विखुरली, तेव्हा तिथला ठिपका म्हणजे मूळ गाव नव्हे. शेवटी चर्चची नोंदबुकं. पाद्री ऐकलं तसं लिहायचे. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका स्पेलिंगात, लग्न दुसऱ्यात. 1876 पासून जर्मन साम्राज्यभर श्टांडेसआम्ट, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूचं सरकारी नोंदणी कार्यालय आलं, मग कुठे स्पेलिंग स्थिरावलं. त्याआधीच्या एका अक्षरावर घराणं उभं करणारा हमखास फसतो. तीस वर्षांच्या युद्धात (1618-48) बुकं जळाली असतील तर धागा तिथेच तुटला. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आहेत, पण ग्रुपवरच्या इतिहासकारांना तेवढी पायपीट कशाला हवी?

हीच चर्चची बुकं 1933 नंतर नाझी राजवटीत आर्य असल्याच्या दाखल्यासाठी उपसली गेली. स्वतःचा, आईवडिलांचा, चारही आजीआजोबांचा असे जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे 7 दाखले, वर लग्नाचे 3. एसएस या नाझी दलाच्या अधिकाऱ्यांना तर 1750 पर्यंत मागे जावं लागे. त्यामुळे कुळीचा अभिमान इथे कुणी चारचौघांत मिरवला की माणसं विषय बदलतात. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न मात्र मला चुकत नाही, पासपोर्ट लाल झाला तरी.

आणि खरं सांगायचं तर, इथल्या एखाद्या घंटीवर ‘कर’ लागलेलं आडनाव दिसलं की मीही आधी तालुका ओळखतो, मग जात. खालच्या मजल्यावरच्या श्मिटबाईंच्या बाबतीत तो भोचकपणा सुचतही नाही.