थुंकीच्या टेस्टवर पाळी जाण्याचं भविष्य ठरत नाही

लेडीज डब्यातल्या ग्रुपांपासून सोसायटीच्या महिला मंडळांपर्यंत मुंबईत एक मेसेज फिरतोय: ‘थुंकीची टेस्ट करून इस्ट्रोजेन रिसेप्टरचा जीन बघा. तो खराब असेल तर पाळी जाताना त्रास होणारच, आईला झाला तसाच. त्याला उपाय नाही आणि हार्मोन तर मुळीच घेऊ नका.’ पंचेचाळिशीच्या बायका हे वाचून धास्तावतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी तो ‘खराब जीन’. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं मुख्य हार्मोन. पेशीत ते जिथे चिकटून काम करतं ती जागा म्हणजे रिसेप्टर. इस्ट्रोजेनचे असे दोन मुख्य रिसेप्टर आहेत. अल्फाचा जीन सहाव्या गुणसूत्रावर, बीटाचा चौदाव्यावर. त्यांत बारीक फरक असतात आणि गरम वाफांशी, म्हणजे पाळी जाताना अंगात अचानक चढणाऱ्या आगीशी, त्यांचा संबंध अनेकांनी तपासला. एका अभ्यासात दिसलेला संबंध दुसऱ्यात टिकला नाही. एवढ्यावर एकीचं भविष्य सांगणं चूकच.

उलट 2017 साली अमेरिकेतल्या 17 हजारांहून जास्त बायकांचे जीन तपासले, तेव्हा वाफांशी ठळक संबंध दिसला तो चौथ्या गुणसूत्रावरच्या टीएसीआर3 या जीनचा. तो इस्ट्रोजेनचा रिसेप्टर नव्हेच, मेंदूतल्या न्यूरोकायनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या, न्यूरोकायनिन सोडणाऱ्या काही पेशी जास्त चेकाळतात आणि शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा बिथरते. म्हणूनच पंख्याखाली उभं असतानाही मानेपासून कपाळापर्यंत आग चढते, ब्लाउज पाठीला चिकटतो आणि थोड्या वेळाने थंडी वाजते. हा त्रास खरा आहे, मनाचे खेळ नाहीत.

‘उपाय नाही’ हे तर साफ खोटं. न्यूरोकायनिनच्या याच रिसेप्टरला अडवणाऱ्या फेझोलिनेटंट या गोळीला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली (ती घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात).

हार्मोनची भीती पसरली ती 2002 साली मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासामुळे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, बाकी तब्येत ठीक असेल, तर वाफांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी दुसरं काही नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांनी किंवा पायात, फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्यांनी मात्र ते आपल्या मनाने सुरू करू नये.

आईचं म्हणाल, तर पाळी कोणत्या वयात जाते यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण त्रास किती होईल यावर सिगारेट, वजन, मनावरचा ताण यांचाही परिणाम होतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रिपोर्टमध्ये ‘जीन खराब’ आलं की बाई प्रत्येक घामाचा दोष त्यालाच देते. रात्री अंग भिजण्यामागे थायरॉइड असू शकतो, आणि आपल्या शहरात टीबीही. खोकला रेंगाळत असेल, वजन उतरत असेल तर थुंकी तपासा, पण टीबीसाठी. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर जरी, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.